कक्ष ८३: आग निरंक

सालईढाना कॅम्प
१४ नोव्हेंबर २०२४

जयंतमामा, नमस्कार.

तुम्ही बजावल्याप्रमाणे फोन केला नाही. तसाही इथे फोन लागत नाही, त्यामुळे तुमच्या संशयाचा आणि माझ्या नाइलाजाचा एकदम बंदोबस्त झाला. आमच्या संस्थेची जीप आठवड्यातून दोनदा सामान आणायला भोपाळला जाते. ड्रायव्हर चौहानजी हे पत्र जवाहर चौकात तुमच्या घरी देतील.

आई म्हणाली, "माझा मावसभाऊ त्या जंगलात अकरा वर्षं रेंजर होता, त्यालाच विचार." म्हणून विचारते आहे. जंगलातल्या आगींचा अभ्यास हे माझं काम. जिथे वरचेवर आग लागते आणि जिथे लागत नाही, अशा तुकड्यांची तुलना आम्ही करतो. सालईढाना परिक्षेत्रातला ८३ नंबरचा कक्ष, म्हणजे तुमचाच, बघून मी थक्क झाले. साजा, तेंदू, धावडा, सगळ्यांची कोवळी झाडं हात धरून उभी असल्यासारखी दाट. शेजारच्या कक्षांत नुसती म्हातारी झाडं आणि घाणेरीचं रान. आगीचं रजिस्टर काढलं तर २००५ साली एक मोठी आग, आणि पुढे २००६ पासून दर वर्षी एकच शब्द: निरंक. एकोणीस वर्षं आगच नाही! त्यातली पहिली नऊ तुमच्या सहीची. उपग्रहाच्या चित्रांतही ८३वर एक लाल ठिपका नाही.

यावरून आमचा अहवाल सांगणार आहे की आग पूर्ण थांबवली तर जंगल परत उभं राहतं. त्या आधारावर ८३ आणि आजूबाजूचे नऊ कक्ष बंद करायचं घाटतं आहे. मोहाची फुलं वेचणारे खालचा पाला जाळतात, म्हणून त्यांना मार्चपासून आत सोडायचं नाही. फेब्रुवारीअखेर भोपाळला बैठक आहे.

तर मामा, तुम्ही हे जमवलं कसं? सविस्तर लिहा. मामींना नमस्कार.

मृणाल


भोपाळ
२२ नोव्हेंबर २०२४

चि. मृणाल, आशीर्वाद.

पाकीट मिळालं. तोंडाशी डिंक थोडा सुटलेला होता. चौहान म्हणाला, उन्हानं. नोव्हेंबरात कसलं ऊन? यापुढे पाकीट चिकटवून जोडावर सही करत जा. टेंडरची पाकिटं आम्ही तशीच बंद करायचो.

आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं दे. ते रजिस्टर तुला कोणी दिलं? ती रेकॉर्ड रूममधली वस्तू आहे, अर्ज केल्याशिवाय मिळत नाही. अर्ज कोणाच्या सहीचा? आणि एवढ्या मोठ्या मध्य प्रदेशात तुला माझंच जंगल कसं सापडलं? तुझी ती साहेब, डॉक्टर वैजयंती, तिचे वडील विभागात होते का? एक साहेब होते, माझ्यावर खार खाऊन असायचे. ते गेले, पण अशा लोकांची माणसं मागे उरतात.

कसं जमवलं म्हणतेस, तर कडक बंदोबस्त. आगीला अडवणाऱ्या जाळरेषा वेळेवर काढल्या, पहारेदार जागे ठेवले, लोकांना धाक घातला. झालं. यात सविस्तर लिहिण्यासारखं काही नाही. तू झाडं मोज, कागद मोजत बसू नकोस.

मंदाकिनीनं शंकरपाळे पाठवले आहेत. डबा परत कर, मागच्या वेळचा अजून आलेला नाही.

जयंतमामा


सालईढाना कॅम्प
९ डिसेंबर २०२४

जयंतमामा, नमस्कार.

सोबत दोन्ही डबे. जोडावर सही केली आहे.

वैजयंतीबाईंचे वडील नाशिकला शाळामास्तर होते. अर्ज माझ्याच सहीचा, आणि ८३ संगणकानं निवडला. आता तरी सुटला का तुमचा जीव?

माझा मात्र अडकला आहे. गेल्या आठवड्यात आम्ही ८३मध्ये खड्डे घेतले. मातीत आगीच्या खुणा राहतात. पार खाली काळा जाड थर मिळाला, तो २००५चा असावा. पण त्याच्यावर थेट पृष्ठभागापर्यंत कोळशाचे बारीक कण आहेत, थरावर थर. मोहाची झाडं बुंध्याशी काळवंडलेली आहेत. कोवळी झाडं उपटून पाहिली तर वर बोटाएवढं खोड आणि खाली मनगटाएवढं मूळ. वरचा भाग जळाला आणि मुळातून पुन्हा फुटला की असं होतं. निरंक असलेल्या जंगलात हे कुठून आलं?

दुसरी गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, पण लिहितेच. ढान्यावर, म्हणजे इथल्या पाड्यावर, तुमचं नाव काढलं की लोक एकमेकांकडे बघून हसतात. फुलवती उईके म्हणून पन्नाशीच्या बाई आहेत, मोह वेचणाऱ्या बायकांच्या म्होरक्या. त्या म्हणाल्या, "पागनीस साब? उनको तो सब मालूम था।" काय मालूम होतं, असं विचारलं तर उठून शेळ्यांकडे गेल्या.

मामा, तुम्ही काहीतरी लपवता आहात असं मला वाटतं. तसं वाटतं याचं वाईटही वाटतं. ८३मध्ये काय झालं होतं?

मृणाल


भोपाळ
१७ डिसेंबर २०२४

मृणाल,

पत्र वाचून मी सरळ शिवाजी नगर गाठलं. तिथे आमचा जुना हेडक्लार्क विश्वास राहतो, मुलाच्या क्वार्टरमध्ये. त्यानं चहा पाजला आणि सांगितलं की रजिस्टरबरोबर माझ्या सन्मानपत्राची फाइलसुद्धा तुझ्याच अर्जावर बाहेर गेली. 'अग्निमुक्त परिक्षेत्र' म्हणून मला टाळ्यांच्या गजरात मिळालेलं सन्मानपत्र! ते तुला कशाला हवं? तेही मातीत पुरून बघणार आहेस का?

म्हणजे मी शंकरपाळे पाठवतो आणि तू माझ्या पाठीमागे फायली काढतेस. इंदुमतीची पोर म्हणून लाड केले, ही माझी चूक. आजपर्यंत ऑडिटवाल्यांनीसुद्धा माझ्याकडे बोट दाखवलं नाही.

कोळसा म्हणे. कोळसा वाऱ्यानं उडतो, पाण्यानं वाहत येतो. फुलवतीचं काय घेऊन बसलीस, तिला मोह वेचायचा आहे. ती उद्या सांगेल की आग मीच लावत होतो. रजिस्टर सरकारी आहे आणि त्यावर सही आहे. तुमच्या विज्ञानाला याहून मोठा पुरावा कोणता लागतो?

आता या विषयावर पत्र नको.

जयंत पागनीस


सालईढाना कॅम्प
११ जानेवारी २०२५

जयंतमामा,

विषय नको म्हणालात तरी हे एक शेवटचं.

सन्मानपत्राची फाइल मी मागितली, कारण त्यात त्या वर्षांचा पाऊस आणि जाळरेषांच्या तारखा आहेत. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, ते चुकलं.

फुलवतीबाई काल बोलल्या. तुम्ही रागानं जे लिहिलंत, नेमकं तेच म्हणाल्या. "आग तो साब खुद खड़े होके लगवाते थे।" तुमचं पत्र मी कोणालाही दाखवलेलं नाही. मग दोघांच्या तोंडी एकच गोष्ट कशी आली?

माझी पंचाईत समजून घ्या. फुलवतीबाईंना खोटं बोलायला कारण आहे, कारण जंगल बंद झालं तर ढान्यावरच्या साठ घरांचा मोह जाईल. तुम्हालाही खोटं बोलायला कारण आहे. पंचवीस फेब्रुवारीला बैठक आहे. तोवर काही कळलं नाही, तर रजिस्टर खरं धरून मी अहवालावर सही करीन आणि मार्चमध्ये ८३ला तारा लागतील. अहवाल चुकीचा असला तरी लागतील.

मृणाल


भोपाळ
१८ जानेवारी

मृणाल बेटा,

हे मी चौहानजींच्या हाती परस्पर देते आहे, ह्यांना सांगू नकोस. तुझं पत्र आल्यापासून ह्यांचं धड जेवण नाही. दूधवाल्याला म्हणाले, तू पाळत ठेवतोस. तीन वेळा कागद घेऊन बसले आणि तिन्ही वेळा फाडला. तुकडे मी जोडून पाहिले (इतकी वर्षं ह्यांच्याबरोबर काढल्यावर ती विद्या येते). प्रत्येकावर एवढंच होतं: "मृणाल, ते खरं आहे." थोडा धीर धर.

मामी


भोपाळ
२३ जानेवारी २०२५

चि. मृणाल,

ते खरं आहे. आता पूर्ण ऐक.

२००३ला मी सालईढान्याला आलो, तेव्हा अंगात जोर होता. पाला जाळताना दिसेल त्याच्यावर केस. फुलवतीवरच दोन केल्या. दोन वर्षं एक काडी पेटू दिली नाही. सागाचा, साजाचा पाला गुडघाभर साठला. ती म्हणायची, "साब, पत्ता जलने दो, नहीं तो जंगल जलेगा।" मला वाटायचं, ही मला शहाणपण शिकवते.

२००५च्या मे महिन्यात वणवा पेटला. तीन दिवस. आग शेंड्यांपर्यंत गेली, जुने मोह आतून पोखरून जळाले. मंगलू नावाच्या पहारेदाराचे दोन्ही पाय भाजले, तो पुन्हा जंगलात चढला नाही. मी रजिस्टरात खरं लिहिलं: चाळीस हेक्टर. बक्षीस काय, तर कारणे दाखवा नोटीस. साहेब म्हणाले, "आग रेंजच्या हलगर्जीपणानं लागते. पुढच्या वर्षी मला निरंक पाहिजे."

मग मी फुलवतीकडे गेलो. टोपी काखेत धरून गेलो असं ती सांगत असेल, तर तेही खरं. तिनं अट घातली की ती सांगेल त्या दिवशी, ती सांगेल तशी आग. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा, पाल्यावर दव असताना, वाऱ्याच्या उलट दिशेनं, एकेक पट्टा. ज्योत गुडघ्याच्या वर नाही. झाडाच्या बुंध्याला जेमतेम चटका. नऊच्या आत सगळं विझवून बायका घरी. तुमचा उपग्रह साडेदहाला डोक्यावरून जायचा, त्याला धूरसुद्धा मिळायचा नाही. खालचा पाला गेल्यामुळे मे महिन्यात जळायला काही उरायचंच नाही. मोठी आग पुन्हा आली नाही ती यामुळे, माझ्या बंदोबस्तामुळे नाही.

आणि रजिस्टरात लिहिलं निरंक. आग लिहिली असती तर पुन्हा नोटीस, बायकांवर केसेस, माझी बदली. पहिल्या वर्षी तो एक शब्द लिहायला अख्खी संध्याकाळ लागली. दुसऱ्या वर्षी नाही. पुढे सवय झाली. माझ्यानंतर आलेल्यांनी माझी पानं बघून तेच लिहिलं असणार आणि फुलवतीनं तेच चालू ठेवलं असणार. मग ते सन्मानपत्र आलं. मी हार घालून घेतला. मंगलू तेव्हा समोर बसला होता.

मला वाटायचं, खोट्याचं काय, पडून राहील कपाटात. ते कोणी खरं मानेल, त्याचा नियम करील आणि त्याच बायकांना बाहेर काढील, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच ते कळलं. तुझ्यावर ओरडलो ते त्यामुळे.

बैठकीत येऊन सांगायला मी तयार आहे.

जयंतमामा


सालईढाना कॅम्प
१ फेब्रुवारी २०२५

जयंतमामा, नमस्कार.

पत्र वाचून आधी रडू आलं आणि मग हायसं वाटलं. मोकळेपणानं सांगितलंत, त्याबद्दल मी ऋणी आहे.

पण गाडी पुन्हा अडली. वैजयंतीबाईंना वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "ज्या माणसानं नऊ वर्षं सहीनिशी खोटं लिहिलं, त्याचं एका पत्रातलं खरं मी कशाच्या जोरावर धरू? आधी त्याला नोकरी वाचवायची होती, आता भाचीला आणि गावाला वाचवायचं असेल." कोळशाच्या कणांबद्दलही त्यांचं म्हणणं तुमच्यासारखंच आहे: वाहत आले असतील.

मला राग आला. पण मामा, परतताना माझ्याही मनात तेच आलं. तुम्ही माझ्यासाठी तर हे रचत नाही ना? मामींनी लिहिलेलं आठवलं आणि लाज वाटली, तरी शंका जाईना.

त्या दिवसांचं काही लिहिलेलं आहे का? डायरी, चिठ्ठी, फोटो, काहीही?

मृणाल


भोपाळ
५ फेब्रुवारी २०२५

चि. मृणाल,

काही नाही. मागे काही राहू नये हीच तर आमची सगळी हुशारी होती. तुझी साहेब डोक्यानं पक्की आहे. माझ्या हाताखाली असती तर मी निरंक लिहू शकलो नसतो.

पण मला एक सुचलं आहे. ८३चा आग्नेय कोपरा, नाल्याच्या वळणावरचा, दोनेक एकर असेल. २००५च्या वणव्यात तोही जळाला होता. त्यानंतर तिथे आम्ही कधीच आग लावली नाही. कारण हसण्यासारखं आहे. तिथल्या अर्जुनाच्या झाडांवर आग्या मोहोळं असतात. पहिल्याच वर्षी आमचा धूर तिकडे वळला आणि माश्या उठल्या. मी टोपी टाकून नाल्यात उडी मारली, तीन दिवस तापानं फणफणलो. मोह तिथे नाहीतच, म्हणून फुलवती म्हणाली, तो कोपरा माश्यांना दिला.

तर तिथे खण. मी खरं बोलत असेन, तर २००५च्या काळ्या थराच्या वर स्वच्छ माती मिळेल. कोळसा मिळाला तर मी खोटा, आणि अहवालावर खुशाल सही कर. फुलवतीला आधी विचारू नकोस, नाहीतर तुझी साहेब म्हणेल आम्ही संगनमत केलं. आधी खण, मग विचार.

जाताना गडद कपडे घालू नकोस. माश्या अजून असतील.

जयंतमामा


सालईढाना कॅम्प
१४ फेब्रुवारी २०२५

जयंतमामा,

माश्या आहेत. मला दोन चावल्या.

वैजयंतीबाई स्वतः आल्या होत्या. सहा खड्डे कोपऱ्यात घेतले, सहा बाहेर, पावसाचं पाणी ज्या बाजूनं कोपऱ्यात येतं त्याच बाजूला, म्हणजे कोळसा वाहत आला असता तर कोपऱ्यातही सापडला असता. पिशव्यांवर नुसते नंबर टाकले आणि कोणती कुठली हे न सांगता भोपाळच्या प्रयोगशाळेत पाठवल्या. काल निकाल आला. बाहेरच्या सहाही पिशव्यांत वरपर्यंत कोळसा. कोपऱ्यातल्या सहाही खड्ड्यांत खाली काळा थर आणि त्याच्यावर स्वच्छ माती. वरून बघितलं तर त्या कोपऱ्यात घाणेरी माजली आहे, पाला पोटरीपर्यंत आहे आणि कोवळी झाडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

मग फुलवतीबाईंना विचारलं की त्या कोपऱ्यात आग का नाही. त्या इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. "साब की टोपी आज तक नाले में होगी!"

वैजयंतीबाई अजून म्हणतात की कोपरा नाल्याकाठी ओलसर आहे, थोडी शंका राहतेच. पण त्यांनी सही केली. अहवालात ८३ आता 'आग नसलेला' नाही, 'दर वर्षी हलकी आग लावलेला' आहे. कक्ष बंद करू नका आणि पाला मोह वेचणाऱ्यांकडूनच, दव असताना, नोंद ठेवून जाळून घ्या, अशी शिफारस आम्ही केली आहे.

रजिस्टर खोटं आहे, हे मात्र लिहावंच लागेल. तिथे मी 'एक सेवानिवृत्त अधिकारी' असं घातलं आहे. वैजयंतीबाईंची हरकत नाही. तुमचं नाव कुठेही येणार नाही आणि बैठकीला येण्याचीही गरज नाही. माती पुरेशी बोलते आहे.

तुमच्यावर शंका घेतली, त्याबद्दल माफ करा.

मृणाल


भोपाळ
३ मार्च २०२५

चि. मृणाल, आशीर्वाद.

बैठकीत मला दारात बघून तुझा चेहरा पडला, तो मी पाहिला. तुला न विचारता आलो, कारण विचारलं असतं तर तू अडवलं असतंस. बोलणं झाल्यावर मी लगेच निघालो, त्याचंही वाईट वाटून घेऊ नकोस. मला तिथे कोणाशी बोलत उभं राहायचं नव्हतं.

'एक सेवानिवृत्त अधिकारी' ही काय भानगड? सालईढान्याचे सेवानिवृत्त अधिकारी चौघे आहेत. नाव घातलं नाही तर लोक चौघांकडे बघतील. त्यातले दोघे वारले, त्यांची बाजू कोण मांडणार? म्हणून उभा राहून नाव सांगितलं. कागदावरही पूर्ण घाल: जयंत पागनीस, परिक्षेत्र अधिकारी, आणि साल.

त्या तरुण साहेबानं विचारलं, "आज आप सच बोल रहे हैं, कैसे मानें?" मी म्हणालो, "मत मानिए। इस लड़की ने भी नहीं माना था। खोदकर देखा।" तेव्हा तो पहिल्यांदा तुझ्या कागदांकडे वळला. पुढचं तुझ्यासमोरच झालं. या वर्षी तारा नाहीत, बायका मोह वेचतील, आणि पुढच्या फेब्रुवारीची आग सरकारच्या देखत लागेल.

इकडे मात्र आमच्या आळीत वारं फिरलं आहे. आता सगळ्या परिक्षेत्रांची रजिस्टरं तपासणार म्हणतात. तीन जुन्या सोबत्यांचे फोन आले, तिघांनीही शिव्या घातल्या, आणि त्यावरूनच मला कळलं की त्यांच्याकडेही काय लिहिलेलं असणार. विश्वास काल जवाहर चौकात मला बघून पलीकडच्या फुटपाथवर गेला. मंदाकिनी म्हणते, जाऊ दे. पण लागतं गं. पन्नास वर्षं लोक मला मान देत आले आणि मला त्याची सवय होती.

तू माफी मागितलीस, ती मी घेत नाही. डिसेंबरात तुझा इतका राग आला होता की तुझं तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं. काल गच्चीत बसून मी हिशोब लावला की त्या नऊ वर्षांत माझं रजिस्टर किती जणांनी पाहिलं. साहेब, ऑडिटवाले, पाहुणे, पत्रकार, वीसेक तरी असतील. सगळ्यांनी पान उलटलं आणि चहा प्यायला. ढान्यापासून ८३ चालत पाऊण तास लांब आहे. एकजणही बघायला गेला नाही. मृणाल, गेला असता तर मी घाबरलो असतो, पण मंगलूच्या समोर हार घालून घ्यायची वेळ माझ्यावर आली नसती.

जयंतमामा